परदेशातली अंगतपंगत

सिंगापूरच्या पहिल्या रात्री आम्ही तेरा जण एका मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. जागा देखणी होती. एका बाजूला काचेची भिंत, खाली चकचकीत फरशी, वर उघडं छत आणि त्यातून लोंबणारे दिवे. आम्हाला एक लांबच लांब टेबल मिळालं. मध्यभागी, पाठीला खांब आणि खांबाला स्पीकर, अशा जागी आत्या बसली. तिचं वय शहात्तर. घरी ती बोलायला लागली की पोळ्या तव्यावर करपतात, कारण लाटणारी आणि भाजणारी दोघीही ऐकत उभ्या राहतात. त्या रात्री ती दोन तासांत चार वाक्यंही बोलली नाही. प्रवासाचा शीण असेल, असं आम्हाला वाटलं. खोलीवर परतल्यावर ती म्हणाली, "अगं, आवाज येत होता सगळ्यांचा, पण शब्द एकही लागत नव्हता."

सहलीत एकत्र जेवायला जागा निवडताना आपण पदार्थ बघतो, फोटो बघतो, किंमत बघतो. 'तिथं वातावरण एकदम मस्त आहे' असं कुणी सांगितलं की आपण भुलतो. पण घोळक्यानं जेवायला जायचं ते एकमेकांच्या सोबतीसाठी. तेरा जणांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईल, प्रत्येकाच्या पानात त्याला चालणारं अन्न पडेल आणि तरीही जागा जिवंत असेल, अशी जागा शोधणं हे खरं काम. ते कसं करायचं, हे मला त्याच सहलीतल्या दुसऱ्या रात्रीनं शिकवलं. आधी मात्र पहिल्या रात्री काय बिनसलं ते पाहू.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी आपण सहज बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. ही मोजपट्टी सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानाला तो आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. म्हणजे ७० डेसिबलच्या जागेत साधं बोलणं बुडतं. मग माणूस काय करतो? आवाज चढवतो, आणि तेही नकळत. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञानं १९११ मध्ये हे दाखवून दिलं. भोवतालचा आवाज वाढला की बोलणाऱ्याचा स्वर आपोआप वर जातो. याला लोंबार परिणाम म्हणतात. रेस्टॉरंटमध्ये तो एका टेबलापुरता राहत नाही. संगीत मोठं म्हणून एक टेबल मोठ्यानं बोलतं, त्यामुळे शेजारचं टेबल आणखी मोठ्यानं, आणि अर्ध्या तासात सगळी जागा ओरडत असते. काच, फरशी आणि सिमेंट आवाज शोषत नाहीत, उलट परतवतात. जुन्या खाणावळींत लाकडी बाकं, उघड्या खिडक्या आणि पडदे असायचे. आजच्या देखण्या जागांतून ते सगळं गेलं आहे.

तरुण कान यातूनही वाट काढतात. गर्दीतून एकाच माणसाचा आवाज वेगळा काढून ऐकण्याच्या क्षमतेवर कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५३ मध्ये गाजलेले प्रयोग केले. दोन्ही कानांवर पडणाऱ्या आवाजातला बारीक फरक पकडून मेंदू हे काम करतो. वय वाढतं तशी ही क्षमता कमी होते आणि त्याच वेळी उंच पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते कानावर पडत राहतात. पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असल्यानं निसटतात, आणि शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. आत्याचं वाक्य शास्त्राच्या दृष्टीनं तंतोतंत बरोबर होतं. आवाज येतो, शब्द लागत नाही. ज्यांना शब्द लागत नाहीत ती माणसं हळूहळू गप्प होतात, आणि बाकीच्यांना वाटतं की ती दमली.

गोंगाटाचा परिणाम चवीवरही होतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लोकांना विमानाच्या केबिनइतक्या आवाजात निरनिराळ्या चवी चाखायला दिल्या. गोड चव मंदावली आणि उमामी, म्हणजे टोमॅटोत किंवा मशरूममध्ये असते ती रसदार चव, उठून लागली. मोठ्या आवाजात जेवताना जिभेवर काहीतरी बदलतं, एवढं यावरून नक्की कळतं.

मग एकमेकांचं बोलणं ऐकू यायला हवं असेल तर शांत रेस्टॉरंट शोधायचं का? मुळीच नाही. कुजबुजत जेवायच्या जागेत तेरा मराठी माणसांचा जीव गुदमरतो. लहान मुलांना तर 'शू' करण्यातच संध्याकाळ जाते. मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत, गजबज आणि गोंगाट. गजबज माणसांची असते. बाजाराची, लग्नघराची, गणपतीच्या आरतीआधीची. ती चहूकडून थोडी थोडी येते आणि तिच्यात आपलं बोलणं बुडत नाही, उलट आपल्या हसण्याला तिचा आडोसा मिळतो. गोंगाट बहुधा एकाच ठिकाणाहून येतो, स्पीकरमधून, आणि सगळ्यांना आपल्यावर ओरडायला लावतो. घोळक्यासाठी जागा निवडताना गजबज आहे की गोंगाट, हा पहिला प्रश्न.

सिंगापूरमध्ये या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात मिळतं: हॉकर सेंटर. हॉकर म्हणजे फेरीवाला. सिंगापूर हे बंदर वाढलं ते बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांवर. चिनी, मलय, तमिळ, जावामधले. त्यांना स्वस्तात जेवू घालणारे फेरीवाले रस्तोरस्ती असत. उघड्यावरचं अन्न, पाण्याची सोय नाही, गटारं तुंबलेली. १९६८-६९ मध्ये सरकारनं सुमारे १८,००० फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, वीज, गटार असलेल्या पक्क्या मंडयांमध्ये गाळे दिले. फेरीवाला उठवला नाही, त्याला छप्पर दिलं. आज अशी ११० हून जास्त हॉकर सेंटरं आहेत, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

रचना साधी असते. कडेनं किंवा रांगांनी लहान लहान गाळे आणि मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं. एक गाळेवाला बहुधा आयुष्यभर एकच पदार्थ करतो. कुणी कोंबडीभात, कुणी नूडल्स, कुणी रोटी प्राटा, म्हणजे आपल्या पराठ्याचा समुद्र ओलांडून गेलेला भाऊ. ज्याला जे हवं ते त्यानं त्या गाळ्यावरून आणायचं आणि सगळ्यांनी एका टेबलावर बसून खायचं. हे पाहिल्यावर मला शाळेतली अंगतपंगत आठवली. प्रत्येकाचा डबा वेगळा, बसायची चटई एक, आणि डबे उघडले की कुणाचं काय कुणाच्या पानात जाईल त्याचा नेम नाही. पंगतीत सगळ्यांना एकच स्वयंपाक असतो. अंगतपंगतीत प्रत्येकाला आपापलं मिळतं आणि तरीही जेवण एकच होतं. तेरा जणांत दोन पक्के शाकाहारी, एक जैन सून, मधुमेहाचे काका, मासे म्हणजे जीव की प्राण असलेला भाचा आणि फक्त पांढरा भात खाणारी पाच वर्षांची मुलगी असेल, तर एकाच मेनूकार्डावर सगळ्यांना बसवणं अवघड जातं. अंगतपंगतीत ते आपोआप बसतात.

दुसऱ्या रात्री आम्ही लाऊ पा सातला गेलो. होक्कियन या चिनी बोलीत या नावाचा अर्थ 'जुना बाजार'. शहराच्या बँकांच्या उंच इमारतींच्या मधोमध एक अष्टकोनी, ओतीव लोखंडाची मंडई उभी आहे. सध्याची इमारत १८९४ ची. लोखंडी भाग स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ओतून जहाजानं आणले गेले. छत उंच, बाजू उघड्या, वर पंखे. आवाज वर जातो, बाजूंनी बाहेर पडतो, परत आदळत नाही. शेकडो माणसं जेवत होती आणि तरी मला टेबलापलीकडून बहिणीचं बोलणं नीट ऐकू येत होतं. संध्याकाळी सातच्या सुमारास शेजारचा बून टॅट रस्ता वाहनांना बंद होतो आणि त्यावर टेबलं मांडली जातात. कडेनं साते भाजणारे उभे राहतात. मसाल्यात मुरवलेले मांसाचे तुकडे काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात, त्याला साते म्हणतात. एक मलय काका हातातल्या पंख्यानं निखारे फुलवत होते. फुललं की काड्या एका झटक्यात उलट्या करायचे, तेलाचा थेंब पडून ज्वाळ उठली की काड्या वर उचलायचे. आत्या बघत राहिली आणि म्हणाली, "कणसं भाजणारी बाई अशीच करते की नाही पावसाळ्यात?" ती स्वतः शाकाहारी. तिच्यासाठी आतल्या भारतीय गाळ्यावरून 'तोसै' आणली, म्हणजे आपला डोसा. सिंगापूरच्या तमिळ माणसांनी हा उच्चार जपला आहे. भाच्यानं सातेच्या वीस काड्या, त्याबरोबर काकडी, कांदा आणि दाबून घट्ट केलेल्या भाताचे चौकोन आणले. जेवता जेवता आत्यानं वाईच्या एका लग्नातली गोष्ट काढली, पाऊस आला आणि अख्खी पंगत देवळाच्या ओवरीत कशी हलवली ती. आम्ही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजीही हसायला लागल्या. त्यांना काही कळलं नव्हतं, पण गजबजेत हसू लागतंच.

ती रात्र जमून आली, त्यामागे थोडी तयारी होती. ती सांगते, कारण ती सिंगापुरातच नव्हे, कुठल्याही गावी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वेळेची. सिंगापूर भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले सात म्हणजे पोटाचे साडेचार. पहिल्या रात्री आम्ही सातला जेवायला बसलो तेव्हा मुलं ताटाकडे बघतही नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेआठला गेलो. त्या वेळी नोकरदारांची गर्दी जरा ओसरलेली असते आणि टेबलं मिळतात. मात्र सगळीच हॉकर सेंटरं रात्री जागी नसतात. कित्येक गाळे सकाळी आणि दुपारी चालतात आणि संध्याकाळी शटर ओढतात. ठरावीक दिवशी संपूर्ण सेंटर सफाईसाठी बंद असतं आणि गाळ्यांच्या सुट्ट्याही वेगवेगळ्या. रात्रीच्या घोळक्याला लाऊ पा सात, न्यूटन किंवा समुद्राकाठचं ईस्ट कोस्ट लगून फूड व्हिलेज चांगलं. शक्य असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळेला एकानं फेरी मारून यावी. मधोमध उभं राहून सोबतीशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहावं. वाक्य दोनदा सांगावं लागलं तर जागा सोडून द्यावी. याहून भरवशाची परीक्षा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट बसायची. तेरा जणांना सलग एकच टेबल मिळालं म्हणजे आपण एकत्र जेवलो, हा समज चुकीचा आहे. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं अभ्यासातून दाखवलं आहे की एका संभाषणात साधारण चार माणसंच टिकतात. पाचवा आला की गप्पा दोन तुकड्यांत फुटतात. लांब टेबलावर या टोकाचा माणूस त्या टोकाला कधीच भेटत नाही. म्हणून तीन-चार गोल टेबलं शेजारी शेजारी धरावीत आणि मध्ये एकदा जागा बदलाव्यात. बऱ्याच जुन्या हॉकर सेंटरांत गोल टेबलं आणि त्यांच्याभोवती जमिनीत पक्की बसवलेली स्टुलं असतात. ती जोडता येत नाहीत, आणि तेच बरं पडतं. वयस्कर माणसाला भिंतीकडे पाठ करून, सगळ्यांचे चेहरे दिसतील असं बसवावं. ओठ दिसले की बरेच शब्द डोळ्यांनी ऐकू येतात.

तिसरी गोष्ट कामांची वाटणी. सिंगापुरात टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल धरलेलं मानतात. याला तिथं 'चोप करणं' म्हणतात, आणि लोक ते पाळतात. तरी घोळका मोठा असेल तर दोन माणसं टेबलापाशी बसवावीत. बाकीच्यांनी जोडीजोडीनं एकेका गाळ्यावर जावं. सगळ्यांनी मिळून सगळे गाळे हिंडायला निघालं की जेवायला दहा वाजतात. आधी माणसांच्या संख्येपेक्षा कमी ताटल्या आणाव्यात, चाखाव्यात, आणि जो पदार्थ आवडला त्याची दुसरी फेरी करावी. हॉकर सेंटरमध्ये एक साधं ताट चार-सहा सिंगापुरी डॉलरांत मिळतं, त्यामुळे चुकीचा पदार्थ आला तरी फार बिघडत नाही. बऱ्याच गाळ्यांवर परदेशी कार्ड चालत नाही, सुटे पैसे जवळ असावेत. आम्ही सकाळीच वर्गणी काढून एका बटव्यात ठेवली होती, म्हणून रात्री 'तुझं तू, माझं मी' असा हिशेब करत बसावं लागलं नाही. रेस्टॉरंटमध्ये मात्र छापील किमतीवर बहुधा दहा टक्के सेवाशुल्क आणि वर नऊ टक्के कर चढतो. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यांचा अर्थ हाच. मासे आणि खेकडे वजनावर विकले जात असतील तर तव्यावर जाण्याआधी वजन आणि दर दोन्ही विचारून घ्यावेत.

चौथी गोष्ट पथ्याची, आणि इथं ताटावर विश्वास ठेवून चालत नाही. भाजीसारख्या दिसणाऱ्या पदार्थात सुक्या कोळंबीची पूड, मासळीचा अर्क किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. 'कॅरट केक' नावाच्या पदार्थात गाजर नसतं, मुळा असतो, आणि बहुधा अंडंही. मांस नको असं सांगणं पुरेसं नाही, मासे, कोळंबी आणि अंडं हे वेगळं विचारावं लागतं. चिनी बौद्ध शाकाहारी गाळे बरेच असतात. त्यांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. आमच्या जैन सुनेला हे कळलं तेव्हा तिला परमुलखात माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. कंदमुळं मात्र तिथंही चालतात, ती तिनं विचारून टाळली. लिटल इंडिया या भागात सेरंगून रस्त्याच्या आसपास जुनी शाकाहारी उपाहारगृहं आहेत. कोमल विलास १९४७ पासून तिथं आहे. घोळक्यातले बहुतेक जण कडक शाकाहारी असतील तर सरळ तिथं जावं, ओढाताण करू नये.

पाचवी गोष्ट नावाजलेल्या जागांची. २०१६ मध्ये सिंगापूरच्या दोन हॉकर गाळ्यांना मिशेलिन या नामांकित खाद्य-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला आणि जगभरातून लोक तिथं रांगा लावायला आले. जेवणाची आवड असलेल्या दोघांनी अशा रांगेत जरूर उभं राहावं. पण तेरा जणांना, त्यातही म्हाताऱ्या आणि लहान माणसांना, एका ताटासाठी तासभर ताटकळवू नये. गर्दी हे चांगलं लक्षण असतं, कारण गर्दीच्या गाळ्यावर अन्न पडून राहत नाही. मात्र ती गर्दी जेवणाऱ्यांची हवी, वाट पाहणाऱ्यांची नव्हे.

या पाच गोष्टींच्या मुळाशी एकच विचार आहे. घोळक्यासाठी जागा निवडताना घोळक्यातल्या सर्वांत अडचणीच्या माणसापासून सुरुवात करावी. ज्याला ऐकू कमी येतं, ज्याला पथ्य आहे, जो लवकर पेंगतो, त्याला जिथं बरं वाटेल तिथं बाकीच्यांना बरं वाटतंच. उलट घडत नाही. पहिल्या रात्रीची जागा आमच्यातल्या तरुणांनी निवडली होती, प्रेमानं निवडली होती, आणि सगळ्यांना छान काहीतरी दाखवायची त्यांची इच्छा खरी होती. फक्त निवडताना त्यांनी आत्याच्या कानांनी ऐकलं नव्हतं.

लाऊ पा सातमधून उठताना एक गोष्ट घडली. सिंगापूरच्या हॉकर सेंटरांत जेवणानंतर आपला ट्रे आपणच जागेवर नेऊन ठेवायचा असतो. सप्टेंबर २०२१ पासून तो नियमच आहे. हलाल आणि इतर गाळ्यांच्या ट्रेंसाठी रॅकही वेगळे असतात, म्हणजे कुणाच्या ताटाला कुणाचं काही लागू नये. भाचा आत्याचा ट्रे उचलायला गेला. तिनं त्याचा हात बाजूला केला. "अंगतपंगतीत आपला डबा आपण पुसायचा असतो," असं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकून उठली, ट्रे दोन्ही हातांनी धरून सावकाश रॅकपर्यंत चालत गेली आणि नेमक्या खणात सरकवून परत आली. येताना ती मला विचारत होती, "उद्या परत इथंच ना?"